बागियोचं खाणं: पाहुण्यांचं आणि घरच्यांचं

मनिलातून कुणी बागियोला निघालं, की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे आपापली फर्माईश सांगून ठेवतात. उबेच्या जॅमची बाटली, शेंगदाण्याची चिक्की, स्ट्रॉबेरी, आणि जागा उरलीच तर एक मऊ केरसुणी. प्रवासाहून परतताना आपल्या माणसांसाठी काहीतरी घेऊन यायचं, याला फिलिपिन्समध्ये पासालुबोंग म्हणतात. रिकाम्या हातानं परतणं तिथे कुणाला शोभत नाही. या यादीबद्दल माझ्या मनात जराही तुच्छता नाही. तिच्यातल्या प्रत्येक पदार्थानं आपलं स्थान कमावलेलं आहे, आणि पुढच्या पानांत त्यांची माहिती मन लावून दिली आहे. पण यादी हातात धरून चालणाऱ्या माणसाला बागियो दोन तासांत संपल्यासारखं वाटतं: एक टेकडीवरचं ठिकाण, एक कॉन्व्हेंट, बाजारातल्या दोन रांगा आणि परतीची बस. ज्यांना त्याच बाजारात आणखी एक गल्ली आत शिरायचं आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

बागियोत दोन तऱ्हेचं खाणं आहे. एक, जे या शहरात येणाऱ्यांसाठी तयार झालं. दुसरं, जे शहर वसण्याआधीपासून या डोंगरात होतं. पहिल्याची जाहिरात झाली, दुसऱ्याची बदनामी झाली. दोन्ही खाणी एकाच मातीवर, एकाच थंडीत उभी आहेत आणि एकाच बाजारात शेजारी शेजारी विकली जातात. तरीही बहुतेक पाहुणे पहिलं तेवढं चाखून परत जातात. एवढी गोष्ट मनात ठेवून पुढचं वाचलं, तर पदार्थांचा क्रम आणि काहींना दिलेली जास्तीची जागा दोन्ही समजतील.

आधी हे शहर कुठे आहे आणि कसं झालं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय तिथल्या ताटात कोबी कुठून आला हेही कळत नाही. लुझोन बेटाच्या उत्तरेला कोर्दिलेरा ही पर्वतरांग आहे. तिच्या दक्षिण टोकाशी, सुमारे 1,500 मीटर उंचीवर बागियो वसलं आहे. मनिलापासून अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण हवा निराळ्याच देशाची. खाली घामानं जीव नकोसा होत असताना वर पाइनची झाडं आणि अंगात स्वेटर. 18 जानेवारी 1961 रोजी इथे 6.3 अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. उष्ण कटिबंधातल्या देशाला या आकड्याचं अप्रूप वाटलं तर नवल नाही.

अमेरिकनांनी फिलिपिन्सचा ताबा घेतल्यावर त्यांना उकाड्यापासून पळायला जागा हवी होती. इंग्रजांचं सिमला त्यांच्या डोळ्यांपुढे होतंच. 1903 मध्ये बागियो उन्हाळी राजधानी ठरली. डोंगर फोडून केलेला रस्ता, जो पुढे केनन रोड म्हणून ओळखला गेला, 1905 मध्ये वाहतुकीला खुला झाला. शिकागोच्या डॅनियल बर्नहॅमनं शहराचा आराखडा आखला आणि 1 सप्टेंबर 1909 रोजी बागियोला शहराचा दर्जा मिळाला. सेशन रोड, बर्नहॅम पार्क, कॅम्प जॉन हे ही आजची पाहुण्यांच्या तोंडी असलेली नावं त्याच काळातली.

पण ही जागा मोकळी नव्हती. इबालोय लोक तिला काफागवाय म्हणत. इथल्या कुरणांवर त्यांची गुरं चरत, काही भागांत शेती होती. मातेओ कारिन्यो या इबालोय प्रमुखाची जवळपास 146 हेक्टर जमीन सरकारनं आपली ठरवली, तेव्हा तो कोर्टात गेला. आपल्या पूर्वजांनी या जमिनीला गुरांसाठी कुंपणं घातली, तिच्यात पिकं घेतली, ती पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत आहे, एवढाच त्याचा पुरावा. कागद नव्हता. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 23 फेब्रुवारी 1909 रोजी न्यायमूर्ती होम्स यांनी कारिन्योच्या बाजूनं निकाल दिला. तो ऐकायला कारिन्यो हयात नव्हता. आज जगभरच्या आदिवासी भूमीहक्कांच्या चर्चेत हा निकाल आधाराला घेतला जातो, आणि बागियोत 23 फेब्रुवारी हा इबालोय दिन म्हणून पाळतात. खाण्याच्या पुस्तकात हा खटला मुद्दाम आणला आहे. गुरांची कुंपणं आणि पेरलेले वाफे हीच ज्या माणसांची सनद होती, त्यांच्या जेवणाकडे शहराचं तोंडीलावणं म्हणून बघता येत नाही.

रस्ता झाला आणि त्याबरोबर भाज्या आल्या. रस्त्याच्या कामावर आलेल्या अनेक देशांच्या मजुरांत जपानी होते. त्यांतले काही मागे राहिले आणि शेजारच्या ला त्रिनिदादच्या खोऱ्यात चिनी शेतकऱ्यांबरोबर कोबी, बटाटा, गाजर पिकवू लागले. गोऱ्या साहेबांच्या टेबलावर सॅलड हवं होतं, गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पुढे बागियोहून उत्तरेला बोंतोककडे जाणारा डोंगरी रस्ता झाला. शहराचे दीर्घकाळचे महापौर आणि अभियंता युसेबियस हाल्सेमा यांचं नाव आज त्याला आहे. तो अटोकजवळ 2,255 मीटरवर पोचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंकनाए आणि इबालोय शेतकऱ्यांनी उतारच्या उतार भाजीखाली आणले. जंगलं त्यात गेली, हेही खरं. आज देशात खपणाऱ्या थंड हवेच्या भाज्यांपैकी बहुतांश बेंगेट प्रांतातून जातात. फिलिपिन्सच्या कुठल्याही बाजारात कोवळ्या फरसबीला बागियो बीन्स म्हणूनच ओळखतात.

ला त्रिनिदादचं भाजीचं घाऊक ठाणं म्हणूनच एकदा तरी पहाटे जाऊन बघावं. पाठीवर कोबीच्या गोण्या घेतलेली माणसं, जीपच्या टपावर रचलेली गाजरं, हातात वही घेऊन भाव ओरडणारे दलाल. जानेवारी-फेब्रुवारीत अटोककडे पाला गोठतो, त्या दहिवराला तिथे अंदाप म्हणतात. अंदाप पडला की कोवळी रोपं करपतात आणि मनिलाची वर्तमानपत्रं गोठलेल्या कोबीचे फोटो छापतात. फोटो सुंदर असतात, शेतकऱ्याचं नुकसान त्यांत दिसत नाही. पीक भरभरून आलं तर भाव असा पडतो की गाडीभाडं सुटत नाही, आणि चोरट्या मार्गानं येणाऱ्या परदेशी गाजरांनी इथल्या गाजराला अलीकडच्या वर्षांत आणखी मारलं आहे. हॉटेलात समोर आलेल्या चॉपसुईच्या बशीतला प्रत्येक तुकडा या रस्त्यानं खाली उतरलेला असतो.

सगळ्या भाज्यांत माझा जीव सायोतेवर आहे. दक्षिण भारतात तिला चाऊचाऊ म्हणतात. मूळची मेक्सिकोकडची, पण बागियोच्या उतारांवर तारांचे मांडव घालून अशी पसरली आहे की दरीच्या दरी एकाच हिरव्या छपराखाली गेलेली दिसते. तिला फारशी मशागत लागत नाही, ती वर्षभर देते, फळ शिजवा, कोवळे शेंडे परता, दोन्ही चालतं. स्ट्रॉबेरीचं नाव घेतल्याशिवाय बागियोवर कुणी लिहीत नाही आणि सायोतेला कुणी ओळही देत नाही. पण गरिबाच्या घरी रोज शिजणारी भाजी तीच, आणि पाहुण्यांच्या रश्श्यात तरंगणारी फोडही तीच.

आता स्ट्रॉबेरी. पाहुणे ज्याला बागियोची स्ट्रॉबेरी म्हणतात, ती बहुतेक ला त्रिनिदादची असते. बेतागच्या सखल भागात, जिथे पूर्वी दलदल होती, तिथे ही शेतं आहेत, आणि त्यांतली बरीच जमीन बेंगेट स्टेट युनिव्हर्सिटीची. नोव्हेंबरच्या सुमारास फळ सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. 2004 मध्ये ला त्रिनिदादच्या लोकांनी स्ट्रॉबेरीचा एक केक केला. तो 9,622 किलोंचा भरला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मार्चमध्ये तिथे स्ट्रॉबेरीचा उत्सव असतो. शेतात जाऊन स्वतः तोडलेली फळं बाजारापेक्षा महाग पडतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. पैसे तोडण्याच्या आनंदाचे असतात.

मराठी वाचकाला इथे महाबळेश्वर आठवणार, आणि ती आठवण योग्य आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी उकाड्यातून सुटण्यासाठी डोंगरमाथा निवडला, तिथे त्यांच्या देशचं फळ लावलं, आणि राज्यकर्ते गेल्यावर ते फळच गावाची ओळख झालं, ही कथा दोन्हीकडे घडली. फरक खाण्याच्या पद्धतीत आहे. महाबळेश्वरनं स्ट्रॉबेरीला क्रीम दिलं, बागियोनं ताहो दिला.

ताहो म्हणजे सोयाबीनच्या दुधाचा अगदी मऊ, गरम थर, त्यावर साबुदाण्याचे मोठे मोती आणि ब्राउन शुगरचा पाक. चिनी लोकांबरोबर आलेला हा पदार्थ आता सगळ्या फिलिपिन्सचा सकाळचा नाश्ता आहे. खांद्यावर कावड, कावडीला अॅल्युमिनियमचे दोन डबे, एकात ताहो, दुसऱ्यात पाक आणि साबुदाणा, अशी विक्रेत्यांची फेरी पहाटेच सुरू होते. चपट्या पळीनं विक्रेता ताहोचे पातळ पदर काढतो. ही पळी नीट चालवणं कसबाचं काम आहे, कारण जास्त ढवळलं की पाणी सुटतं. बागियोत या पाकाच्या जागी स्ट्रॉबेरीचा पाक घालतात. आंबटगोड पाक गरम सोयाच्या मवाळ चवीत मुरतो आणि थंडीत बोटांना कपाची ऊब मिळते. सकाळी सातच्या आत, बर्नहॅम पार्कच्या कडेला घ्यावा. दुपारपर्यंत उरलेला ताहो घेऊ नये.

उबेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मराठी माणसाला ते वाटतं तितकं परकं नाही. उबे म्हणजे आपलं कोनफळ. वनस्पतिशास्त्राला दोन्हींत भेद दिसत नाही. वसई-पालघरकडे आणि कोकणात ज्याची भजी होतात, तो जांभळा कंद आणि बागियोच्या जॅमच्या बाटलीतला कंद एकच. आपण त्याला तिखटमिठाशी जोडलं, फिलिपिनो लोकांनी दूध, साखर आणि लोण्याशी. उकडलेला कंद किसून वा वाटून, मंद आचेवर सतत हलवत आटवतात. आटत आला की उलथनं फिरवायला दोन्ही हात लागतात. या हलव्याला उबे हालाया म्हणतात, आणि बाटलीत भरला की जॅम.

बागियोतला सगळ्यांत नावाजलेला उबे जॅम माइन्स व्ह्यू पार्कजवळच्या गुड शेपर्ड कॉन्व्हेंटमधल्या नन्स करतात. खिडकीपुढची रांग पाहूनच लक्षात येतं. या विक्रीतून कोर्दिलेरातल्या मुलामुलींच्या शिक्षणाला पैसा जातो, आणि काम करणाऱ्या हातांत शिकणाऱ्या मुलांचे हातही असतात. 2021 च्या सुरुवातीला जांभळा कंद पुरेसा मिळेना, तेव्हा त्यांनी पांढऱ्या उबेचा जॅम बाजारात आणला. रंग घालून जांभळा करणं सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही, बाटलीत जे होतं तेच लोकांना सांगितलं, आणि लोकांनी पांढरा जॅमही रांग लावून घेतला. उबेच्या नावानं जगभर विकल्या जाणाऱ्या कितीतरी जांभळ्या पदार्थांत कंदाचा अंश नसतो. अशा काळात मला ही घटना फार मोलाची वाटते.

यादीतल्या बाकीच्या गोड गोष्टी इथे भरभर सांगतो, प्रकरणं पुढे आहेतच. शेंगदाण्याची चिक्की ओळखीची वाटेल, फक्त ती आपल्यासारखी गुळाची नसते, साखरेची असते. लेंग्वा दे गातो म्हणजे लोण्याची पातळ, लांबट बिस्किटं. बागियो कंट्री क्लबचा मनुकांचा पाव जड आणि गोडसर, दोन दिवसांनी भाजून खाल्ला तर जास्त चांगला. सुंदोत कुलांगोत हा मात्र बघण्याजोगा खाऊ: चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि काकवीसारखी साखर आटवून केलेला लगदा, एका फळाच्या सुपारीएवढ्या अर्ध्या करवंट्यांमध्ये भरून, बांबूच्या दोन कामट्यांत ओळीनं बांधलेला. नाव इतकं गलिच्छ आहे की मुलं खदखदून हसतात, चव मात्र साधी, घरगुती.

आता ज्या खाण्यासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं, त्याकडे येऊ.

कोर्दिलेरातल्या डोंगरी लोकांना एकत्रितपणे इगोरोत म्हणतात. त्यांत इबालोय, कंकनाए, बोंतोक, इफुगाव असे अनेक समाज आहेत, आणि त्यांच्या घरी मांस हे रोजचं जेवण कधीच नव्हतं. रोजचं जेवण रताळं, अरवीचे कंद, पालेभाजी, जमेल तिथे भात. डुक्कर, म्हैस, कोंबडी कापायची ती कारणानं: लग्न, मृत्यू, आजारपण, पेरणी, पूर्वजांना दिलेला शब्द. या विधिभोजनाला कान्याव म्हणतात. कान्यावात शिजवलेल्या मांसाचे वाटे पडतात आणि आलेल्या प्रत्येकाला आपला वाटा मिळतो. त्याला वातवात म्हणतात. आलेला माणूस गरीब की श्रीमंत, ओळखीचा की परका, यानं वाटा बदलत नाही. मीठ आणि पाणी यांपलीकडे मसाला नसतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला ते अळणी वाटतं, आणि ते वाटणं चुकीचंही नाही. पण वातवातचा अर्थ मसाल्यात नाही, वाटपात आहे. शेकडो माणसांना समान पुरवायचं तर पातेल्यात दुसरं काही घालायला फुरसतही नसते.

उरलेलं मांस टिकवायचं कसं, या प्रश्नातून कोर्दिलेराची सगळ्यांत पक्की चव तयार झाली. सागादा या डोंगरी गावात आणि आसपास डुकराच्या मांसाला भरपूर मीठ चोळून ते उन्हात वाळवतात, किंवा मडक्यात मुरवत ठेवतात. हे एतग. बेंगेटकडे मीठ लावलेले तुकडे चुलीवर टांगून धुरावतात. ते किनी-इंग. एतगला उग्र वास येतो, याबद्दल वाचकाला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. पण सुक्या मासळीच्या वासावर वाढलेल्या कोकणी माणसानं त्याला बिचकण्याचं कारण नाही. दोन्हीकडे एकच हिशेब आहे: भरपूर असेल तेव्हा मिठानं राखून ठेवा, नसेल तेव्हा तुकडाभर घाला आणि अख्ख्या भांड्याला चव द्या. बागियोच्या सार्वजनिक बाजारात किनी-इंगचे काळपट पट्टे टांगलेले दिसतात. लोंगानिसा या सॉसेजच्या लाल माळांपासून ते फार दूर नसतात, पण पाहुण्यांची नजर माळांवर थांबते.

पिनिकपिकन हा या एतगचा खरा जोडीदार. कोंबडीचा रस्सा, त्यात एतगचा तुकडा, आलं, सायोतेच्या फोडी आणि कोवळे शेंडे. त्याआधीचा भाग अवघड आहे. कोंबडी मारण्यापूर्वी तिच्या पंखांवर आणि मानेवर काठीनं हलके फटके देतात, त्यामुळे रक्त कातडीखाली येतं. मग पिसं विस्तवावर जाळतात. विधीत कोंबडीचं पित्ताशय आणि यकृत पाहून वडीलधारी माणसं शकुन सांगतात. चव जरा जळकी, धुरकट, एतगच्या खारटपणानं भरलेली, आणि थंडीत त्या वाटीची सर दुसऱ्या कशाला नाही. फिलिपिन्सच्या 1998 च्या प्राणिकल्याण कायद्यानं क्रूरपणे मारण्यावर बंदी घातली आणि आदिवासी समाजांच्या रूढीतल्या विधींना सूट दिली. ही रेषा मला बरोबर वाटते. विधीत कोंबडी मारणारा माणूस तिला पूर्वजांपुढे ठेवतो. हॉटेलात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी तेच करून दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला पाठिंबा देता येत नाही. रस्सा जरूर खावा. मारणं बघायला मागू नये.

या सावधपणामागे एक जुनी जखम आहे. 1904 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हजाराहून जास्त फिलिपिनो माणसं नेऊन, गावं उभारून, तिकीट लावून दाखवली गेली. इगोरोत गावापुढे सगळ्यांत जास्त गर्दी जमे, आणि गर्दीला कुत्रं मारून खाताना बघायचं असे. बोंतोक लोकांत कुत्र्याचं मांस क्वचित, विशिष्ट विधीत खाल्लं जाई. प्रदर्शनात ते करमणूक म्हणून पुन्हा पुन्हा करायला लावलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर इगोरोतांचा एक गट नेऊन तोच खेळ मांडला गेला. त्या तिकिटांतून तयार झालेलं चित्र शंभर वर्षांहून जास्त काळ इगोरोत माणसाच्या मागे लागलं. मैदानी भागात शिकायला गेलेल्या मुलामुलींना खाण्यावरून टोमणे ऐकावे लागले, आणि आपल्या घरचं जेवण लपवण्याची सवय अनेकांना त्यातूनच लागली. कुणाच्या ताटावरून त्या माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय, हे आपल्या समाजात वेगळं समजावून सांगावं लागू नये. म्हणूनच बागियोत पिनिकपिकन उघडपणे, पाटी लावून, मेनूच्या पहिल्या पानावर छापून विकलं जातं, याचा मला आनंद होतो.

तापुयबद्दल दोनच ओळी, कारण तिला स्वतंत्र प्रकरण आहे. भात शिजवून, गार करून, बुबोद नावाचं विरजण चुरून मडक्यात ठेवतात. काही दिवसांत तळाशी तांदळाचं मद्य जमतं, गोडसर, जरासं आंबट. बाजारात बाटल्यांत स्ट्रॉबेरीची आणि ब्लूबेरीची वाइनही मिळते, ती पासालुबोंगच्या बाजूची. एकच बाटली घ्यायची असेल, तर ती तापुयची असावी.

शहरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारी भाषा मात्र ना इबालोय ना कंकनाए. ती इलोकानो. पश्चिमेच्या किनाऱ्याकडून वर आलेल्या या माणसांनी आपलं खाणंही आणलं: लसणाच्या आंबटसर लोंगानिसा, उसाच्या रसाचा काळा व्हिनेगर, भाजीत घालायची खारवलेल्या माशांची चटणी, आणि केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली तुपिग. चिकट तांदूळ, खोबरं आणि गूळसाखरेची ही लांबोळकी वळकटी वर येणाऱ्या बसमध्ये चढून विकतात. भाजलेल्या पानाचा वास आला की गाडी घाटाजवळ आली असं समजावं.

हॅरिसन रोडवरचा रात्रीचा बाजार नऊनंतर भरतो. जुन्या कपड्यांचे ढीग एका अंगाला, खाण्याच्या गाड्या दुसऱ्या. नारिंगी पिठात तळलेली लावीची अंडी, कोंबडीच्या आतड्यांच्या सळया, माशांचे गोळे, व्हिनेगर-मिरचीचे डबे. गंमत आहे, गर्दी आहे, थंडीत तळणीची ऊब आहे. पण हेच सगळं मनिलातही मिळतं, आणि मला इथे बागियोपुरतं लिहायचं आहे.

कॉफी मात्र बागियोपुरतीच. एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी बेंगेटमध्ये अरेबिका आणली. थंडी आणि उंची तिला मानवली. आजही बरीच झाडं मोठ्या मळ्यांत नसतात, घरामागे चार-दहा अशी असतात, भाजीच्या वाफ्यांच्या आणि डुकरांच्या खुराड्याच्या मध्ये. घरी आलेल्याला आधी कॉफी, मग बोलणं, अशी इथली रीत. बाजारात समोर दळून देणारी दुकानं आहेत, तिथे थांबून दळणाचा वास घ्यावा आणि कागदी पिशवीत घेऊन जावी. 1988 मध्ये काही कलावंत आणि लेखकांनी, ज्यांत चित्रकार बेनकॅब होते, एका पडक्या अमेरिकी बंगल्याच्या अवशेषांत कॅफे बाय द रुइन्स सुरू केलं. बेंगेट कॉफी, डोंगरातला लाल तांदूळ, घरी भाजलेला पाव हे सगळं त्यांनी चारचौघांत मानानं वाढलं, जेव्हा शहरातल्या हॉटेलांना ते वाढण्याची लाज वाटत होती. 2017 मध्ये तिथे आग लागली. त्याआधी तीन दशकांत तिथल्या टेबलांवरून बाकीच्यांनी बरंच उचललं होतं.

शाकाहारी मराठी माणसाचा प्रश्न मला सतत विचारला जातो. भाज्यांच्या राजधानीत शाकाहारी उपाशी राहू शकतो, हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. भाजीत खारवलेली मासळी असते, रश्श्याला हाडांचा आधार असतो, आणि मांस नको म्हटलं तरी माशाची चटणी मांसात धरली जात नाही. म्हणून नुसतं मांस नको असं सांगून भागत नाही. मासा नको, बागोओंग (खारवलेल्या माशांची चटणी) नको, पातिस (माशांचा खारट रस) नको, असं तिन्ही नावं घेऊन सांगावं. चित्रपटकार किडलात ताहिमिक यांनी सेशन रोडवर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर कलाकारांसाठी जागा उभी केली आणि तिथे शाकाहारी खाणावळ चालवली. तिथून या शहरात शाकाहाराला आपलं असं एक वळण मिळालं. बाजारात रताळ्याचे शेंडे, कोवळ्या नेच्याचे गुंडाळलेले कोंब, सायोते, फरसबी सगळं ताजं असतं. चूल असलेली खोली घेऊन राहता आलं, तर त्याहून चांगलं काही नाही.

कधी जावं, याचं उत्तर काय खायचं आहे त्यावर आहे. फेब्रुवारीत पानागबेंगा हा फुलांचा उत्सव असतो, तेव्हा स्ट्रॉबेरी भरात आणि हॉटेलं भरलेली. आठवड्याच्या मध्यावर गेलं तर रांगा अर्ध्या होतात. उबे ताजं हवं तर थंडीच्या सुरुवातीला जावं, कॉफीही त्याच सुमारास झाडावर लाल होते. जून ते ऑक्टोबर पाऊस, आणि तो साधा नाही: जुलै 1911 मध्ये इथे चोवीस तासांत 1,168 मिलिमीटर पडला होता. दरडी कोसळल्या की केनन रोड बंद होतो, स्ट्रॉबेरी नसते, माइन्स व्ह्यूवरून धुक्याशिवाय काही दिसत नाही. पण बाजार उघडा असतो, खाणावळींत जागा मिळते, वाढणाऱ्या बाईला बोलायला वेळ असतो, आणि पिनिकपिकनची वाटी खरी लागते ती याच दिवसांत. पहिलं प्रकरण म्हणूनच बाजाराचं आहे, आणि त्यातलं पहिलं दुकान किनी-इंगचं.